ओपन स्पेसमधली हराळी

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला तुमच्याकडची बाग दाखवलीत. धाकटीने फोन गवताच्या इतका जवळ नेला की बराच वेळ मला नुसता हिरवा रंग दिसत होता आणि मी शहाण्यासारखी "वा, वा" करत होते. मग थोरल्याने विचारलं, "आजी, तुझ्या बागेतलं गवत कुठे गेलं? तू फोटो पाठवला होतास तेव्हा होतं." मी म्हटलं, "आवाज तुटतोय रे," आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. खोटं बोलू नये हे तुम्हाला मीच शिकवत आले, म्हणून आता लेखी उत्तर देते. आई वाचून दाखवेल. तिने मधलं काही गाळू नये.

आधी जागा समजून घ्या. अकोल्याच्या आपल्या घरासमोरच्या चौकोनी तुकड्याला कॉलनीत सगळे ओपन स्पेस म्हणतात. बाग असं फक्त मी म्हणते. पूर्वी इथे वावर होतं, कपाशी-तुरीचं. वावराचे प्लॉट पडले तेव्हा नियमाप्रमाणे मधला तुकडा मोकळा सोडला. पण मोकळी जागा दिसली की आपल्या लोकांना चैन पडत नाही. घरं पुरी व्हायच्या आधी एका कोपऱ्यात मारुती आला. त्याला कोणी आणलं हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. तसा तो शेजारी म्हणून उत्तम आहे. सगळ्या कॉलनीत माझ्याकडे एकही तक्रार न आणलेला तो एकटाच.

मग सोयी आल्या. पहिली घसरगुंडी. तिचा पत्रा मे महिन्यात इतका तापतो की त्यावर पापड भाजावा, आणि खालची काळी माती दर पावसाळ्यात फुगते, दर उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे घसरगुंडी दरवर्षी मारुतीच्या बाजूला थोडी कलते. आजोबांच्या मते ती नमस्कार करते आहे. नंतर कारंजं आलं, ते उद्घाटनाच्या दिवशी चाललं. मग व्यायामाची यंत्रं आली. पाय झुलवायच्या यंत्रावर बायका गोधड्या वाळवतात आणि खांदे फिरवायच्या चाकाला एका गृहस्थांची बकरी बांधलेली असते. बाकं आहेत चार, प्रत्येक कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ. आजोबा रोज एका वेगळ्या दिवंगतावर बसतात, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

आणि बोअर. आपला भाग खारपाणपट्ट्याचा, जमिनीतलं पाणी खारट. मी तीनदा गुलाब लावले, तीनदा ते पाणी पिऊन मेले.

हे असंच चाललं असतं, पण आपल्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत ना, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्या डोक्यात सभागृह शिरलं. ओपन स्पेसवर एक मोठं सभागृह बांधायचं. लग्नं, बारशी, पण मुख्य म्हणजे तेरवी. तेरवी म्हणजे माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी घालतात ते जेवण.

"मॅडम, तुमीच सांगा," भाऊ बैठकीत म्हणाले, "कॉलनीत सगळे पिकले पानं झाले. उद्या कोनी गेलं तं दोनशे मानसं जेवाले बसवाव कुठं?"

बोलताना ते माझ्याकडे आणि आजोबांकडे फारच प्रेमाने पाहत होते. आजोबा म्हणाले, "भाऊ, घाई असेल तर तसं सांगा." सगळे हसले, पण ठराव पुढे गेला. मग महापालिकेचं पत्र आलं: तिथले साहेब जागा पाहायला येतील. जागेवर विकसित बाग आढळली तर बाग राहील. जागा नुसती पडीक असेल तर सभागृहाचा विचार होईल.

विकसित बाग म्हणजे काय हे त्या पत्रात नव्हतं. मी अमरावतीला इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि जन्मभर इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे बाग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लॉन येते. इतकी पुस्तकं वाचून त्यांतल्या कोणाच्याही घरासमोर मी तूर पाहिली नव्हती. मी वहीत आखणी केली: मधे लॉन, कडेने झेंडू आणि झिनिया, आणि तीच बाग समितीच्या नावाने अर्जात लिहून दिली. नर्सरीवाल्याला खाऱ्या पाण्याचं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, यावर एकच गवत टिकेल, आणि पोती भरून गवताची मुळं पाठवली. जुलैत आजोबा आणि मी दोरी धरून, वीतवीत अंतराने, एकेक मुळी लावली. आजोबांचा गुडघा तेव्हापासून दुखतो. सप्टेंबरात सगळी जमीन हिरवी झाली आणि मी तुम्हाला तो फोटो पाठवला.

आता या गोष्टीतली मुख्य बाई. आपल्या उजवीकडे बँकेतले शेजारी राहतात, त्यांची आई पोळ्यानंतर हिवरखेडहून इथे राहायला आली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पाठीत वाकलेली, हातांनी लोखंडासारखी. साऱ्या हयातीत स्वतःच्या वावरात राबलेली. नवरा गेला, वावर पुतण्याकडे गेलं, आणि मुलाने आईला पांढऱ्याशुभ्र टाइल्सच्या घरात आणून ठेवलं. तिथे तिला करण्यासारखं काही नव्हतं. पायाला माती लागली की सून पायपुसणं दाखवायची. एकदा सुनेने तुळशीसाठी ऑनलाइन माती मागवली, तेव्हा ही बाई ते पाकीट घेऊन माझ्याकडे आली.

"मास्तरीनबाई, हे काय लिवलं हाये वाचा बरं."

मी वाचलं. "माती आहे. कुंडीत घालायची."

"माती? इकत? पाकिटात?" ती पाकिटाकडे बघतच राहिली. "आमच्या हिवरखेडात कोनाले सांगू नका बाप्पा. लोक मह्या पोराले येडं समजतील."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी ओपन स्पेसवर यायची. चप्पल काढून मातीत पाय ठेवून बसायची. मला म्हणाली, "इथं बसलं का जीव जागेवर येते. हे जागा गेली तं मी हिवरखेडले निंगून जाईन. एकटी राहीन, पन जाईन." तिकडचं घर बंद, छप्पर गळकं. मुलाने तिला परत एकटं ठेवलं नसतं, आणि तिने त्याचं ऐकलं नसतं. त्यामुळे सभागृह होतं की नाही हे माझ्यासाठी हौसेचं असलं, तरी तिच्यासाठी तसं नव्हतं. हे मला कळत होतं.

ती बसल्या बसल्या माझ्या बागेकडे पाहून मान हलवायची. "मास्तरीनबाई, तन लय झालं वो." तण म्हणजे गाजरगवत असं मी धरून चालले, कुंपणाशी ते माजलेलंच होतं. मी म्हटलं, "हो ना. काढायचंय, पण माणसंच मिळत नाहीत." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. तेव्हा मला वाटलं, ही माझ्या एकटेपणाची कीव करते आहे.

साहेब सोमवारी येणार असं ऑक्टोबरात कळलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात मला अमरावतीला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. शुक्रवारी निघताना मी हिवरखेडच्या बाईंना म्हटलं, "जरा बागेकडे लक्ष ठेवा. साहेब येणार आहेत, जागा चांगली दिसली पाहिजे."

"तुमी बिनघोर जा," ती म्हणाली.

रविवारी दुपारी आम्ही परत आलो. ऑटोतून उतरले आणि मला आधी वाटलं, चुकीच्या गल्लीत आलो. समोर काळीभोर जमीन. विंचरल्यासारखी. गवताची एक काडी नाही. झेंडू आणि झिनिया ओळीत उभे, प्रत्येकाच्या बुडाशी मातीची भर घातलेली. आणि रस्त्यावर माझ्या लॉनचा ढीग, त्यात दोन गाई तोंड घालून उभ्या.

बाई मारुतीच्या पायरीवर बसली होती. तिच्याबरोबर पाच अनोळखी बायका चहा पीत होत्या.

"लॉन कुठे गेली?" मी विचारलं.

"काय?"

"गवत. इथलं गवत."

"काढलं ना. सप्पा काढलं." तिने अभिमानाने हात फिरवला. "ह्या मह्या संगच्या बाया. तिकडं वावरात आमी जोडीनं निंदाले जावो. फोन केला, म्हनलं मास्तरीनबाईची इज्जत जाऊन राहिली, या. सकायच्या यष्टीनं अकोटावरून आल्या बिचाऱ्या. पात धरली अन् दुपारलोक खतम."

पात धरणं म्हणजे निंदणाऱ्या बायका एका रांगेत बसतात, प्रत्येकीचा आपला पट्टा, आणि सगळ्या बरोबरीने पुढे सरकतात. माझी लॉन त्या सहा जणींनी एका सकाळीत, गप्पा मारत, पुढे सरकत संपवली होती.

"अहो, ते मुद्दाम लावलं होतं," मी म्हटलं.

चहा थांबला. त्यातली एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "लावलं होतं म्हन्ते." दुसरीने पदर तोंडाला लावला.

"लावलं?" हिवरखेडची बाई म्हणाली. "मास्तरीनबाई, हे हराळी हाये. हराळी. आमच्या सासऱ्यानं जलमभर खंदली, मह्या मालकानं खंदली, म्या खंदली. मानूस मरते, हराळी मरत नाई. अन् तुमी तिले कावून लावून राहिले?"

तुम्ही नीट ऐका: ज्या गवताला या लोकांनी पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या, ते मी नर्सरीतून पोत्याने आणून, दोरी धरून, ओळीत लावलं होतं. वर त्याला रोज पाणी घालत होते. इतके दिवस ती माझ्याकडे कीव करून का बघत होती ते मला तेव्हा कळलं. मी चिडले होतेच. पण त्या पाच बायका पहाटे उठून, दोन यष्ट्या बदलून, मला मदत करायला आल्या होत्या, आणि आता कपबशा हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "निंदण फार छान झालं. अजून चहा घ्या." आजोबा ढिगाकडे पाहत म्हणाले, "गुडघा दुखतो तो फुकटच म्हणायचा."

सगळ्यांना यष्टीवर बसवून दिल्यावर तिला खरा प्रकार समजावून सांगितला. साहेबांना काहीतरी लावलेलं दिसलं पाहिजे होतं, म्हणून ते गवत. ते नाही, तर सभागृह. तिने वाकून मातीचं एक ढेकूळ हातात फोडलं. मग म्हणाली, "मंग म्याच घालवली म्हना ना जागा." आणि चप्पल हातात घेऊन घरी गेली. आजोबा आणि मी त्या काळ्या जमिनीकडे पाहत बसलो. एवढा मोठा तुकडा, आणि त्यावर उद्या साहेबांना दाखवायला झेंडूची पंचवीस झाडं.

सोमवारी अकराला साहेब आले. तरुणच होते, हातात फाइल, मागे दोन माणसं. भाऊ स्वच्छ सदरा घालून पुढे.

"पाहा साहेब," भाऊ म्हणाले, "म्या काय म्हनलं होतं? बागबिग काई नाई. नुसतं वावर हाये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अर्जात तर लॉन लिहिलीय."

आता जे झालं ते मी तुमच्यापासून लपवत नाही. मी खोटं बोलले. आणि इंग्रजीत बोलले. मराठीत बोलले असते तर भाऊंना लगेच समजलं असतं, आणि शिवाय मराठीत खोटं बोलताना मला माझी आई दिसते. मी साहेबांना सांगितलं की या भागातल्या खाऱ्या पाण्यावर लॉन परवडत नाही, म्हणून समितीने विचारपूर्वक ती काढली असून आता इथे कमी पाण्यावर येणाऱ्या देशी वनस्पतींची बाग करायची आहे. दुसऱ्या टप्प्याची मशागत कालच पूर्ण झाली. यात खाऱ्या पाण्याचं खरं आहे. बाकी समितीत तेव्हा आजोबा आणि मी, आणि विचारपूर्वक असं त्यात काहीच नव्हतं. आजोबा दिवंगतांच्या बाकावर खाली मान घालून बसले होते.

साहेबांनी वाकून माती हातात घेतली. "मशागत सुंदर आहे. कोणी केली?"

बाई कधी आली ते मला कळलं नव्हतं. मागून म्हणाली, "आमी केली साहेब. मास्तरीनबाईले नाई जमत."

"आजी, आता यात काय लावणार?"

देशी वनस्पती हे शब्द मी नुकतेच तयार केले होते, आणि तेही इंग्रजीत; ते तिला समजणं शक्य नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आता दिवाळीच्या मोऱ्हं काय येते साहेब? हरबरा. त्याले पानी लागत नाई, जमिनीतल्या वलीवर येते. तुमचा बोर खारा असो का गोडा, त्याले काई घेनं नाई. एका बाजूनं जवस. निया निया फुलं येतात, तुमच्या त्या लानापरीस चांगला दिसते. कडीनं करडी, म्हंजे बकरी घुसत नाई. काटे असतात."

साहेब हसले नाहीत. वहीत लिहीत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "जवस दाट पेरता की पातळ?"

"तुमच्या घरी वावर हाये वाटते," बाई म्हणाली.

"होतं," साहेब म्हणाले. फाइल बंद केली. "मी फेब्रुवारीत परत येतो. तेव्हा जे दिसेल ते लिहीन."

मी दारात येऊन खुर्चीत बसले. बाईने विचारलं, "काय सांगतलं तुमी त्याले विंग्रजीत?"

"तुम्ही जे मराठीत सांगितलंत तेच," मी म्हटलं. तर असं एका दिवसात दोनदा खोटं बोलले.

दोन दिवसांनी पेरणी झाली. बाईने सांगायचं आणि आम्ही करायचं. मी पूर्वीसारखी दोरी धरायला गेले तर म्हणाली, "दोरी कायले? वावर हाये, वही नाई." पण खरी गंमत नंतर झाली. हरभरा बोटभर वर आला आणि कॉलनीतले निवृत्त पुरुष एकेक करून कुंपणाशी उभे राहू लागले. इतकी वर्षं ही माणसं व्यायामाच्या यंत्रांना पाठ करून पेपर वाचत बसायची. आता प्रत्येकाला मत होतं. एक म्हणे दाट झालं, एक म्हणे पातळ. जो तो गावाकडे कुठेतरी वावर टाकून किंवा विकून आलेला, आणि ते सगळ्यांच्या बोटांत अजून होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर हरभऱ्यात कोणीतरी वाकलेलं. चोर असावा म्हणून काठी घेऊन गेले. अध्यक्ष भाऊ होते. मूठभर कोवळे शेंडे हातात.

"शेंडे खुडा लागते मॅडम," ते ओशाळून म्हणाले. "नाईतं फुटवा येत नाई. हे कोनाले समजत नाई इथं."

"आणि सभागृह?"

"सभागृह काय," भाऊ म्हणाले, शेंडे खुडत. "आता पीक उभं हाये ना." मग थोड्या वेळाने, "भाजी करा याची. लसनाची फोडनी द्या."

हे पाहून बाई मला म्हणाली, "म्या याले वळखलं नव्हतं. मले वाटलं शयरातला हाये."

फेब्रुवारीत साहेब आले तेव्हा घाटे धरले होते, करडईला काटे आले होते, आणि जवसाच्या पट्ट्यावर शेवटची निळी फुलं होती. साहेबांनी फोटो काढले. एक घाटा सोलून तोंडात टाकला, मग अजून तीन. कागदावर "विकसित उद्यान" लिहून सही केली, आणि मला म्हणाले, "मॅडम, पहिला टप्पा काय होता तो?" मी म्हटलं, "हराळी." त्यांना इतकं हसू आलं की फाइल खाली पडली. म्हणजे त्यांना ऑक्टोबरातच सगळं समजलं होतं. माझं इंग्रजी फुकट गेलं.

फलक लागला आहे: देशी वनस्पती उद्यान. हरभरा काढून झाला, सगळ्या घरांत वाटला, भाऊंच्या घरी पहिला वाटा. पुढच्या पावसाळ्यात अंबाडी आणि तूर असं ठरलं आहे, म्हणजे बाईंनी ठरवलं आहे. हिवरखेडला ती एका लग्नापुरती जाऊन आली, आणि येताना बियाणं घेऊन आली. सून आता तुळशीची माती ओपन स्पेसमधून नेते.

पण गवताचं तुम्ही विचारलंत, तर ते संपलेलं नाही. परवा सकाळी फिरताना कललेल्या घसरगुंडीच्या पायाशी मला हराळीचा एक कोंब दिसला. बोटाएवढा, अगदी कोवळा, हिरवा. मला तो खरंच आवडला. समोरून बाई येत होती. मी त्यावर चप्पल ठेवली आणि आकाशाकडे पाहत उभी राहिले.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. कमरेतून वाकली.

"पाय काढा, मास्तरीनबाई," ती म्हणाली.